मळक्या तळव्यांचं पवित्र वर्ष

कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाचा साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध उल्लेख नरकात येतो. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'मधल्या 'इन्फर्नो' या भागाच्या अठराव्या सर्गात बायकांना फूस लावणारे आणि त्यांचा सौदा करणारे, असे दोन प्रकारचे पापी समोरासमोरून दोन रांगांनी चाललेले दिसतात. मागून सैतान त्यांना चाबकाने हाणतायत. ही रहदारी नेमकी कशी होती हे सांगताना दान्तेला आठवतो तो रोममधला एक पूल. १३०० साली, पहिल्या पवित्र वर्षात, त्या पुलावर यात्रेकरूंची एवढी झुंबड उडाली की जाणाऱ्यांना एक बाजू आणि येणाऱ्यांना दुसरी बाजू ठरवून द्यावी लागली होती.

दान्ते काही यात्रेची टिंगल करणारा माणूस नव्हता. त्याचं अख्खं महाकाव्यच एक यात्रा आहे आणि ती घडते १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात. पण ज्या पोपने, आठव्या बोनिफेसने, ते पवित्र वर्ष जाहीर केलं, त्याच्यासाठी पुढच्याच सर्गात नरकात जागा राखून ठेवलेली आहे. म्हणजे यात्रेवर श्रद्धा आणि यात्रेच्या व्यवस्थेवर राग, या दोन्ही गोष्टी एकाच कवीत, एकाच पुस्तकात, लागोपाठच्या दोन सर्गांत आहेत.

हा ताण पुढची सातशे वर्षं सुटलेला नाही. या लेखात मला तो ताण एका चित्रकाराच्या दोन चित्रांतून बघायचा आहे. चित्रकार काराव्हाज्जो. पहिलं चित्र 'मॅडोना ऑफ लोरेतो', जे 'यात्रेकरूंची मॅडोना' म्हणूनही ओळखलं जातं. दुसरं 'दयेची सात कृत्यं'. दोन्ही फोनवर सहज सापडतात. शोधा, उघडून ठेवा आणि स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, कारण हा माणूस अंधार फार वापरतो.

जाणं आणि करणं

आधी पवित्र वर्ष म्हणजे काय ते थोडक्यात बघू. कॅथलिक शिकवणीनुसार पापाची कबुली दिली की क्षमा मिळते, पण त्या पापामुळे भोगायची शिक्षा शिल्लक राहते. ही शिक्षा कमी किंवा पूर्ण माफ करण्याचा अधिकार चर्च आपल्याकडे ठेवतं. या माफीला इंग्रजीत इंडल्जन्स म्हणतात, आपण दंडमाफी म्हणू. १३०० साली बोनिफेसने जाहीर केलं की जो मनापासून पश्चात्ताप करून रोममध्ये येईल आणि संत पीटर व संत पॉल यांच्या बॅसिलिकांना भेट देत राहील, त्याला पूर्ण दंडमाफी. रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस जायचं, बाहेरून येणाऱ्यांनी पंधरा.

बोनिफेसच्या मनात असं वर्ष शंभर वर्षांतून एकदा यायचं होतं. पुढचं आलं १३५० साली. १४७५ पासून अंतर पंचवीस वर्षांवर आलं आणि साधारण तेच आजपर्यंत टिकलं. १४५० च्या पवित्र वर्षात दान्तेने वर्णन केलेल्या त्याच पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि दीडशेहून जास्त माणसं मेली. दंडमाफीचा पुढे उघड व्यापार झाला आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथर त्याच मुद्द्यावर उभा राहिला. युरोपातला ख्रिस्ती धर्म दुभंगला.

पण पवित्र वर्षाला फक्त 'जाणं' हे एकच क्रियापद नाही. दुसरं आहे 'करणं'. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे माणसाला त्याची श्रद्धा काय होती हे विचारलं जात नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, उघड्याला कपडा दिलास का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलास का, एवढंच विचारलं जातं. ही सहा कामं. मध्ययुगात त्यात मृतांना मूठमाती देणं हे सातवं जोडलं गेलं. यांना दयेची शारीरिक कृत्यं म्हणतात, कारण ती शरीरावर आणि शरीरानेच करायची असतात.

आता अडचण अशी की 'जाणं' माणसाला घरापासून, गल्लीपासून दूर नेतं, आणि 'करणं' बहुतेक वेळा त्याच गल्लीत वाट बघत असतं. यात्रेला सुरुवात असते, शेवट असतो, मोजता येणारे दिवस असतात. भुकेला माणूस उद्या परत भुकेला होतो. पवित्र वर्षाची व्यवस्था या दोन क्रियापदांना एका वाक्यात बसवते खरी, पण सांधा दिसत राहतो. काराव्हाज्जोने नेमका तो सांधा रंगवला, असं माझं म्हणणं आहे.

न उडणारं घर

१६०० हे पवित्र वर्ष होतं. लाखो यात्रेकरू रोममध्ये आले. त्यांची सोय बघणारी एक संस्था होती, त्रिनिता देई पेलेग्रिनी. फिलिप नेरी या पुढे संत झालेल्या माणसाने ती १५४८ मध्ये उभी केली होती. दमून आलेल्या यात्रेकरूंना तिथे निवारा आणि जेवण मिळे, आणि त्यांचे पाय धुतले जात. हे पाय धुणाऱ्यांत शहरातले बडे लोकही असत. त्या काळच्या रोमला यात्रेकरूचे पाय जवळून माहीत होते.

याच वर्षी काराव्हाज्जो रोममध्ये होता आणि संत मत्तयवरच्या चित्रांमुळे रातोरात प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर काही वर्षांनी, साधारण १६०४ ते १६०६ च्या दरम्यान, रोममधल्याच सांत'आगोस्तिनो चर्चमधल्या कावालेत्ती कुटुंबाच्या चॅपलसाठी त्याने लोरेतोची मॅडोना रंगवली. चित्र आजही तिथेच आहे.

लोरेतो हे इटलीतलं मोठं यात्रास्थान. श्रद्धा अशी की मरियेचं नाझरेथमधलं घर देवदूतांनी उचलून, हवेतून उडवत इथे आणून ठेवलं. त्यामुळे लोरेतोच्या चित्रात साधारणपणे काय दिसतं? उडतं घर, छपरावर बसलेली मरिया, आजूबाजूला देवदूत.

काराव्हाज्जोच्या चित्रात काहीच उडत नाही. एक दाराची चौकट आहे. शेजारच्या भिंतीचं प्लास्टर पडून आतल्या विटा दिसतायत. उंबऱ्यावर एक अनवाणी बाई चौकटीला टेकून उभी आहे, कडेवर बऱ्यापैकी मोठं झालेलं मूल आहे आणि त्याचं वजन तिला जाणवतंय. डोक्यामागची प्रभा एवढी बारीक की झूम केल्याशिवाय दिसू नये. समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघ्यांवर बसलेत, हातातल्या काठ्या खांद्याला टेकलेल्या. पुरुषाचे तळवे थेट आपल्याकडे आहेत. मळलेले, सुजलेले, चालून चालून रापलेले.

चॅपलसमोर उभं राहिलं की हे तळवे आधी दिसतात, मरिया नंतर. सगळ्या चित्राचं म्हणणं या क्रमात आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी वारी जवळून बघितलीय त्याला ते तळवे समजावून सांगावे लागणार नाहीत.

जोव्हान्नी बाल्योने हा काराव्हाज्जोचा समकालीन चित्रकार आणि उघड वैरी. १६०३ मध्ये त्याने काराव्हाज्जोवर बदनामीचा खटलाही भरला होता. पुढे त्याने चित्रकारांची चरित्रं लिहिली, ती १६४२ मध्ये छापली गेली. त्यात तो या चित्राबद्दल तक्रारीच्या सुरात सांगतो की यात्रेकरूचे पाय मळके आहेत, म्हातारीची टोपी फाटकी नि घाणेरडी आहे, आणि या चित्रावरून सामान्य लोकांनी मोठा गलका केला.

हा गलका कसला होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुणाला तो संतापाचा वाटतो, कुणाला आनंदाचा. मला वाटतं, बाल्योनेची तक्रारच आपल्याला उत्तर देते. त्याला दोन गोष्टी खटकतात: चित्रातले पाय आणि चित्रासमोरचे लोक. दोन्ही त्याच्या लेखी एकाच दर्जाचे आहेत. आपल्यासारखे पाय वेदीवर टांगलेले बघून लोक गप्प राहिले असते तरच नवल.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती मरियेची जागा. ती सिंहासनावर नाही, ढगावर नाही. घरात कोण आलंय बघायला दारात आलेली बाई जशी उभी राहते तशी ती उभी आहे. रोममध्ये पवित्र वर्षात पोप समारंभाने पवित्र द्वार उघडतो आणि यात्रेकरू त्यातून पार जातो. इथे यात्रेकरू पार जात नाही. तो उंबऱ्याबाहेरच आहे. दार ओलांडून आली असेल तर ती मरिया. म्हणजे या यात्रेचं शेवटचं पाऊल यात्रेकरूचं नाही, घरातल्या माणसाचं आहे.

सात कामं, एक गल्ली

२८ मे १६०६ रोजी रोममध्ये झालेल्या मारामारीत काराव्हाज्जोच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी नावाचा माणूस मेला. चित्रकार पळाला. पोपच्या राज्यात त्याच्या डोक्यावर देहदंड होता. काही महिन्यांत तो स्पॅनिश अमलाखालच्या नेपल्समध्ये पोचला, आणि तिथे त्याला पहिल्याच मोठ्या कामांपैकी एक मिळालं ते दयेवरचं.

काम देणारी संस्था होती पिओ मोंते देल्ला मिझेरिकॉर्दिया. सात तरुण उमरावांनी ती १६०२ च्या सुमारास सुरू केली. हे सातजण दर शुक्रवारी शहरातल्या इन्कुराबिली, म्हणजे बऱ्या न होणाऱ्यांच्या इस्पितळात जाऊन रुग्णांची सेवा करत. त्यातून संस्था वाढली, तिने चर्च बांधलं आणि मुख्य वेदीसाठी काराव्हाज्जोला ४०० दुकात देऊन चित्र करून घेतलं. १६०७ च्या सुरुवातीला ते पूर्ण झालं. जवळपास चार मीटर उंच. ते आजही त्याच वेदीवर आहे.

हा विषय चित्रकलेला नवा नव्हता. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये 'अल्कमारचा मास्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराचं १५०४ सालचं काम आहे. त्यात दयेची सात कृत्यं सात वेगळ्या चौकटींत आहेत. एका चौकटीत भाकरी वाटली जाते, दुसरीत पाणी, तिसरीत कपडे. काम सुंदर आहे आणि समजायला सोपं. इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलसारखं एकेक चौकट सरकवत बघावं, सात पूर्ण झाली की संपलं.

काराव्हाज्जोने सातही कामं एका गल्लीत, एका रात्रीत, एकमेकांवर कोंबली. डावीकडे खानावळवाला टोपीवर शिंपला लावलेल्या एका माणसाला मुक्कामाची जागा दाखवतोय. शिंपला ही यात्रेकरूची खूण. त्याच्या मागे सॅमसन गाढवाच्या जबड्याच्या हाडातून घटाघटा पाणी पितोय. पुढे पिसाची टोपी घातलेला एक तरुण, म्हणजे संत मार्टिन, तलवारीने आपला झगा कापतोय, आणि त्याच्या पायाशी एक उघडा माणूस पाठमोरा बसलाय. उजवीकडे कोपऱ्याच्या आडून एक प्रेत नेलं जातंय. आपल्याला प्रेताचे फक्त पाय दिसतात, आणि मागे मशाल धरलेला पाद्री. त्याच्या अलीकडे तुरुंगाच्या गजांतून एक म्हातारा डोकं बाहेर काढून एका तरुणीच्या स्तनातून दूध पितोय. वर, पंखांच्या गुंत्यात, दोन देवदूत, मरिया आणि बाळ.

पहिल्यांदा बघताना काही कळत नाही. कोण कुणाला काय देतंय हे लावत बसावं लागतं. काही समीक्षकांना ही रचना विस्कळीत वाटली आहे. मला हा गोंधळच चित्राचा विचार वाटतो. सात चौकटींत दया ही यादी असते. यादी पूर्ण करता येते आणि पूर्ण केलेली यादी कुणाला तरी दाखवता येते. गल्लीत तसं होत नाही. तिथे तुम्ही एकाला पाणी देता तेव्हा मागून कुणाचं तरी प्रेत जात असतं.

आणखी एक गोष्ट बघा. दयेचं काम करणाऱ्यांपैकी कुणीही वर बघत नाही. मरिया आणि बाळ खाली बघतायत, देवदूताचा हात खाली आलाय, त्याची सावली तुरुंगाच्या भिंतीवर पडलीय. पण खालच्यांना याचा पत्ता नाही. आपण पुण्य कमावतोय असा भाव एकाही चेहऱ्यावर नाही. दंडमाफीच्या हिशेबात माणूस एक डोळा वर ठेवून काम करतो. या चित्रात तो डोळा मिटलेला आहे.

आणि यात्रेकरू? पहिल्या चित्रात तो श्रद्धाळू होता. इथे तो गरजू आहे. मत्तयच्या यादीतला 'परका' काराव्हाज्जोने यात्रेकरू म्हणून रंगवला. ही जुनी परंपरा आहे, त्याचा शोध नव्हे. पण गल्लीतल्या अंधारात तिचा अर्थ धारदार होतो. यात्रेला निघालेला माणूस म्हणजे आज रात्री कुठे झोपायचं हे ठाऊक नसलेला माणूस. 'जाणं' आणि 'करणं' यांचा सांधा इथे जुळतो, पण पवित्र वर्षाच्या जाहिरनाम्यात असतो तसा नाही. आधी यात्रा करून मग दया करायची, असं इथे होत नाही. यात्रा करताना माणूस दुसऱ्याच्या दयेवर येतो.

पेरो कुठे बघतेय?

गजांपाशी उभ्या असलेल्या तरुणीचं नाव पेरो. ही कथा बायबलमधली नाही. व्हॅलेरियस मॅक्सिमस या रोमन लेखकाने ती सांगितली आहे. उपाशी मारण्याची शिक्षा झालेल्या बापाला मुलगी तुरुंगात जाऊन आपलं दूध पाजते आणि जगवते. काराव्हाज्जोने या एका प्रसंगात भुकेल्याला अन्न आणि कैद्याची भेट अशी दोन कामं बसवली. म्हाताऱ्याच्या दाढीवर दुधाचा एक थेंब आहे. सगळ्या चित्रात इतकी खरी दुसरी गोष्ट नाही.

पेरो बापाकडे बघत नाही. ती मान वळवून दुसरीकडे बघते. चेहऱ्यावर भीती आहे, कुणी बघत तर नाही ना अशी. मार्टिन अर्धा झगा देतो, अर्धा स्वतःला ठेवतो. खानावळवाल्याला भाडं मिळेल. पेरो शरीर देते, आणि देतानाही तिलाच लाज सांभाळावी लागते.

मराठीत आपण म्हणतो, दया आली. कीवही येते. जणू ती बाहेरून येऊन आपल्यात शिरते, थोडा वेळ थांबते आणि जाते. 'मिझेरिकॉर्दिया' या शब्दात दुःख आणि हृदय हे दोन शब्द आहेत, म्हणजे तोही मुळात भावनेचाच शब्द. पण या चित्रात दया कुणालाच 'आलेली' दिसत नाही. ती केली जातेय, घाईत, अवघडून. पेरोच्या चेहऱ्यावर करुणा शोधायला गेलात तर सापडणार नाही. काम मात्र झालेलं आहे.

इथे मला चित्राबद्दल एक तक्रारही आहे. सेवेची सर्वांत महाग किंमत बाईच्या शरीरातून वसूल होते, आणि तिला आदर्श ठरवून पुरुषांची संस्था ती वेदीवर टांगते. इस्पितळं, अनाथालयं, घरातली आजारपणं, सगळीकडे ही विभागणी आपण ओळखतो. पण काराव्हाज्जोने पेरोला तृप्त, पवित्र हसू दिलं नाही. तिची अस्वस्थता त्याने पुसली नाही, म्हणून ही तक्रार चित्रातूनच करता येते.

दया कुणाला मिळते?

दुसरी तक्रार अधिक मोठी आहे. म्हातारा तुरुंगात का आहे हे चित्र विचारत नाही. त्याला उपाशी मारणारं राज्य चौकटीबाहेर आहे.

आता १६०० च्या रोमकडे परत बघू. पवित्र वर्ष चालू होतं, यात्रेकरूंचे पाय धुतले जात होते, आणि १७ फेब्रुवारी १६०० रोजी काम्पो दे फियोरी या चौकात जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाला जिवंत जाळण्यात आलं. चर्चने त्याला पाखंडी ठरवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच पोपच्या, आठव्या क्लेमेंटच्या काळात झाल्या. दयेची कृत्यं व्यक्तीने करायची आणि शिक्षा व्यवस्थेने, अशी कामाची वाटणी होती. ती वाटणी एवढी सवयीची की यात कुणाला विसंगती वाटलीच पाहिजे असं नव्हतं.

काराव्हाज्जो स्वतः या वाटणीच्या मधोमध होता. दयेचं चित्र रंगवत असताना त्यालाच माफी हवी होती, आणि ती शारीरिक कृत्यांतली दया नव्हती, राज्याची होती. ती मिळवण्यासाठी वजनदार माणसं लागत. पोप पाचव्या पॉलचा पुतण्या कार्डिनल शिपिओने बोर्गेसे त्याच्या चित्रांसाठी वेडा होता. माफीचे प्रयत्न चालू राहिले आणि १६१० मध्ये माफीच्या आशेने रोमकडे निघालेला काराव्हाज्जो वाटेत पोर्तो एर्कोलेला मेला. ब्रूनोकडे चित्रं नव्हती, फक्त मतं होती.

हा मुद्दा चित्राला कमी करत नाही. उलट गजांमागच्या म्हाताऱ्याकडे बघताना लक्षात राहतं की चित्रकारही फार दूर नाही. पण दयेची स्तुती करणाऱ्या कुठल्याही वर्षाला विचारायचा प्रश्न त्यातून मिळतो: तुरुंगातल्याला भेटायला जाण्याबरोबर तुरुंगाबद्दलही काही म्हणणार आहात का?

कोठडीचं दार

पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हे खास दयेचं पवित्र वर्ष म्हणून जाहीर केलं. पंचवीस वर्षांच्या नेहमीच्या चक्राबाहेरचं. त्यांनी दयेच्या शारीरिक कृत्यांची ती जुनी यादी पुन्हा पुढे आणली. ही यादी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून विसरली जाते, हे त्यांना ठाऊक असणार.

त्या वर्षातल्या तीन गोष्टी काराव्हाज्जोजवळ जातात असं मला वाटतं. पहिली: रोममधलं पवित्र द्वार उघडण्याआधी, २९ नोव्हेंबर २०१५ रोजी, त्यांनी पहिलं पवित्र द्वार उघडलं ते यादवीने पोळलेल्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, बांगीच्या कॅथेड्रलचं. शिवाय जगभरच्या धर्मप्रांतांत पवित्र द्वारं उघडण्याची सोय केली. म्हणजे रोमच गल्लीकडे गेलं. दुसरी: सप्टेंबर २०१५ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं की कैदी आपल्या कोठडीच्या दारातून देवाकडे मन लावून पार होईल तेव्हा तेच त्याचं पवित्र द्वार ठरेल. तिसरी: महिन्यातून एका शुक्रवारी ते फारसा गाजावाजा न करता वृद्धाश्रमात, रुग्णांकडे, व्यसनमुक्ती केंद्रात जात राहिले.

कोठडीच्या दाराची कल्पना मला थक्क करते, आणि अस्वस्थही. सातशे वर्षांची जाण्याची अट एका वाक्यात रद्द होते. यात्रा म्हणजे रोज बंद होणारं तेच दार ओलांडणं. लोरेतोच्या मरियेसारखंच, दार यात्रेकरूकडे चालत आलं. पण ते दार बाहेरून बंद होतं हेही खरं. दंडमाफी मिळालेला कैदी संध्याकाळी पुन्हा आत मोजला जातो. फ्रान्सिस यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की ते इथे थांबले नाहीत. जाहीरनाम्यातच त्यांनी गुन्हेगारी टोळ्यांना आणि भ्रष्टाचाऱ्यांना उद्देशून लिहिलं, दया आणि न्याय परस्परविरोधी नाहीत असं मांडलं, आणि २०१८ मध्ये मृत्युदंड अमान्य असल्याचं चर्चच्या अधिकृत शिकवणीत घातलं. ब्रूनोला जाळणाऱ्या शहरातून हे यायला चारशे अठरा वर्षं लागली.

पुढच्या, २०२५ च्या पवित्र वर्षासाठी त्यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात पवित्र द्वार उघडलं. ते पवित्र वर्ष चालू असतानाच, २१ एप्रिल २०२५ रोजी, ते गेले.

सातवा माणूस

आता नेपल्सच्या चित्रात एकदा सात मोजून बघा. मृताला मूठमाती, एक. कैद्याची भेट, दोन. भुकेल्याला अन्न, तीन. उघड्याला कपडा, चार. तहानलेल्याला पाणी, पाच. यात्रेकरूला निवारा, सहा. आजाऱ्याची भेट?

पहिल्या नजरेत आजारी माणूस दिसत नाही. फोनवर तर नाहीच. डावीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, मार्टिनच्या पायाशी, काळोखात एक पांगळा माणूस आहे. उघड्या माणसाच्या उजळ पाठीवर डोळे जातात आणि हा मागे राहतो. मार्टिनची नजर त्याच्यापर्यंत पोचते की नाही हे खात्रीने सांगता येत नाही.

ही संस्था सुरूच झाली होती इस्पितळातल्या शुक्रवारच्या भेटींपासून. सातजणांचं पहिलं काम आजाऱ्याला भेटणं हे होतं. पैसे देणाऱ्यांना वेदीवर स्वतःचं तेच काम सर्वांत उजेडात बघायला आवडलं असतं, असं मानायला हरकत नाही. काराव्हाज्जोने ते सर्वांत अंधारात ठेवलं. त्याने हे मुद्दाम केलं की जागा उरली नाही म्हणून झालं, यावर वाद घालता येईल. पण वेदीसमोर उभ्या राहणाऱ्या त्या उमरावांवर याचा परिणाम काय होत असेल ते बघा. आपलं काम चित्रात शोधायचं तर त्यांना डोळे बारीक करावे लागणार, थोडं वाकावं लागणार, आणि शेवटी दिसणार ते आपण नाही, तो आजारी माणूस.

आज दान करतानाचा व्हिडिओ काढण्यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि अशा व्हिडिओमुळे कधीकधी खरंच कुणाचं तरी पोट भरतं, तेव्हा त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्या फ्रेममध्ये उजेड नेहमी देणाऱ्यावर असतो. नेपल्समधल्या त्या वेदीवर चारशे वर्षं उजेड उघड्या पाठीवर, दुधाच्या थेंबावर आणि प्रेताच्या पायांवर पडतोय, आणि कोपऱ्यातल्या माणसापर्यंत तो अजून पुरेसा पोचलेला नाही. ब्राइटनेस आणखी वाढवता येत असेल तर वाढवा. तो तिथे आहे.